बाळ मान कधी धरतं आणि आपण घरी नेमकं काय करायचं

घरात तीन महिन्याचं बाळ असलं की येणारा प्रत्येक माणूस आधी वजन विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न, मान धरली का गं? आपण नाही म्हटलं की मग शेजारच्या काकूंच्या नातवाने अडीच महिन्यातच कशी धरली होती ते ऐकायचं, आणि रात्री फीड देता देता मोबाईलवर शोधत बसायचं. मी हे सगळं केलंय. एकदा मी आईला फोनवर म्हणाले की ही अजून मान टाकते गं, तर आईने आधी मलाच झापलं, मान टाकते असं बोलू नये म्हणून, म्हण की अजून धरत नाही.

माझी मुलगी १४ आठवड्याच्या लसीला नेली तेव्हा सव्वातीन महिन्याची होती. डॉक्टरांनी तिला उताणं ठेवलं, दोन्ही हात धरून अलगद उठवून बघितलं, मान थोडी मागे राहिली आणि मग आली. त्यांनी फार काही लेक्चर दिलं नाही, एकच विचारलं, बाळ दिवसातून किती वेळ खाली असतं? मी विचारलं खाली म्हणजे? तर म्हणाले खाली म्हणजे जमिनीवर. आणि मला उत्तरच देता येईना, कारण ती कधी खाली नसायचीच. आजीची मांडी, पाळणा, झोळी, माझा खांदा, परत मांडी. अख्ख्या घरात लाडकं बाळ, जमिनीला पाठ लागू देत नव्हतो आम्ही.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की मान काही आपण शिकवायची नसते, उभं धरून किंवा बसवून ती लवकर येत नाही, बाळाला पालथं खाली ठेवलं की ती मेहनत बाळ स्वतः करतं. आता ते कसं करायचं ते नीट सांगते.

आधी थोडं हे होतं कसं ते. जन्माच्या वेळी बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. आपलं डोकं त्या मापाने असतं तर आपल्यालाही मान वर करायला जड गेलं असतं. आणि बाळाच्या शरीरावरचा ताबा वरून खाली येतो, म्हणजे आधी मान, मग खांदे आणि छाती, मग पाठ, कंबर, आणि शेवटी पाय. म्हणून मान पक्की व्हायच्या आधी उशा लावून बसवण्यात काही अर्थ नाही, ते पाया न भरता भिंत बांधण्यासारखं आहे.

वेळापत्रक लक्षात ठेवायला मला लसीच्या तारखा सोप्या पडल्या. ६ आठवड्याच्या लसीला पालथं ठेवलं तर बाळ क्षणभर हनुवटी उचलतं, मान इकडून तिकडे फिरवतं, हात धरून उठवलं तर डोकं पूर्ण मागे पडतं आणि ते अगदी नॉर्मल असतं. १० आठवड्याच्या आसपास पालथं असताना डोकं अर्ध्यापर्यंत वर येतं, डुगडुगतं, धपकन खाली येतं, परत वर. १४ आठवड्याला बरीचशी बाळं कोपरावर भार देऊन छाती थोडी उचलतात, खांद्यावर घेतलं तर मान सरळ राहते पण जरा हलते. चार महिने पूर्ण होईपर्यंत बहुतेक बाळांना आधार न देता उभं धरलं तर मान स्थिर राहते. चार महिने होऊनही डोकं सारखं पडतंय तर डॉक्टरांना दाखवा, आणि पाच महिने होऊन गेले तर मग अजिबात थांबायचं नाही, "आमच्याकडची मुलं उशिराच करतात" हे सासरचं माहेरचं काहीही ऐकायचं नाही.

हात धरून उठवून बघायची ती टेस्ट घरी रोज करू नका प्लीज. माझा नवरा दिवसातून तीनदा करून बघायचा, जशी काय परीक्षाच चालू आहे. ती डॉक्टरांना करू दे.

बाळ लवकर आलेलं असेल तर हिशोब वेगळा. समजा ३२ व्या आठवड्यात डिलिव्हरी झाली, म्हणजे ४० ला ८ आठवडे कमी, तर बाळाच्या वयातून ते ८ आठवडे म्हणजे साधारण दोन महिने वजा करायचे आणि मग वरचं वेळापत्रक लावायचं. चार महिन्याचं बाळ आहे पण हिशोबात ते दोन महिन्याचंच. असा हिशोब साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नाही.

आता टमी टाईम, म्हणजे जागेपणी बाळाला थोडा वेळ पालथं ठेवणं. नाव इंग्रजी आहे म्हणून घरचे नाक मुरडतात, ही काय नवीन फॅशन म्हणून. त्याच्या मागचा किस्सा असा की १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ञांच्या संघटनेने सांगितलं की बाळाला झोपवताना पालथं झोपवू नका, कारण पालथ्या झोपलेल्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यू होण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं. लोकांनी ऐकलं आणि ते मृत्यू खूप कमी झाले, पण मग बाळं दिवसभरही उताणीच राहायला लागली आणि डोकी मागून चपटी व्हायला लागली, म्हणून जागेपणी मुद्दाम पालथं ठेवा असं सांगायची वेळ आली. आपल्याकडे खरं तर हे आधीपासून होतंच की! तेल लावायला येणारी मावशी पाटावर बसून पाय लांब करते आणि बाळाला पायांवर पालथं घालून पाठ चोळते, तो टमी टाईमच आहे. मी मावशींना एवढंच सांगितलं की पाठ झाली की लगेच उताणं करू नका, दोन मिनिटं तशीच राहू द्या, मी समोर बसून तिच्याशी बोलते. मावशींना ते पटलं, कारण त्यांचंच काम होतं ना.

सुरुवात अगदी पहिल्या आठवड्यापासून करता येते, पण जमिनीवर नाही, आईच्या छातीवर. पाठीला दोन-तीन लोड लावून अर्धवट मागे रेलून बसायचं, पूर्ण आडवं नाही, आणि बाळाला छातीवर पालथं ठेवायचं, पोटाशी पोट. तुम्ही बोलाल तसं ते डोकं उचलून तोंडाकडे बघायचा प्रयत्न करतं. सिझेरियन झालेलं असेल तर बाळाचे पाय टाक्यांवर येणार नाहीत असं जरा तिरकं ठेवा, किंवा बाबाला हे काम द्या, माझ्याकडे पहिले पंधरा दिवस बाबाच करत होता आणि दोघंही तसेच झोपून जायचे, ते मात्र करू नका, झोप आली की बाळाला उचलून पाळण्यात उताणं ठेवायचं.

मग दुसरी जागा म्हणजे मांडी. मांडीवर आडवं पालथं घालायचं, एक हात कंबरेवर. एक मांडी जरा उंच ठेवली की डोक्याची बाजू वर राहते आणि बाळाला सोपं जातं. फिरवताना पण खांद्यावरच घ्यायला पाहिजे असं नाही, आपल्या हातावर पोट ठेवून, तोंड बाहेरच्या बाजूला, दुसरा हात पोटाखाली, असं पालथं घेऊन घरभर हिंडायचं. गॅसमुळे रडणारी बाळं अशी घेतली की पुष्कळदा शांत होतात, त्यामुळे घरात कोणी विरोध करत नाही, हा माझा अनुभव.

आणि तिसरी, खरी जागा, जमीन. गादीवर नको, बेडवर तर नकोच. मऊ गादीत हात रुततात, बाळाला जोर लावता येत नाही, तोंड रुतायचीही भीती, आणि बेडवरून पडण्याची तर वेगळीच. सतरंजी टाकायची, वर एक घट्ट गोधडी किंवा चादर, बास. फरशी गार असेल तर दोन गोधड्या. बाळाला अंगात कमी कपडे, कुंची, हातमोजे काढून टाका, हातमोजे घातलेल्या हाताला गोधडी कळत नाही आणि पकडही येत नाही.

वेळ कुठली? दूध पाजल्या पाजल्या नाही, नाहीतर सगळं बाहेर येईल, वीस पंचवीस मिनिटं जाऊ द्या. झोपून उठलेलं, पोट फार भरलेलं नाही फार रिकामं नाही, नॅपी बदललेली, ही वेळ बेस्ट. मी प्रत्येक नॅपी बदलली की पालथं असा नियमच केला होता, म्हणजे लक्षात ठेवावं लागत नाही. सुरुवातीला एका वेळी एक मिनिट पण पुष्कळ आहे, खरंच. मग तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि साधारण सात आठवड्यापर्यंत सगळं मिळून दिवसाला १५ ते ३० मिनिटं. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांमध्ये पण अजून न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं असं आहे. मिळून हं, सलग नाही.

पालथं घालताना बाळाचे हात अंगाखाली अडकतात आणि ते चिडतं, तर हात पुढे काढून कोपरं खांद्याच्या खाली आणायची. तरी जमत नसेल तर एक छोटा टॉवेल गुंडाळून छातीखाली, काखेच्या रेषेत ठेवा, हात त्याच्या पुढे. बाळाच्या कमरेवर हलका हात ठेवला की वजन मागे जातं आणि डोकं उचलायला सोपं होतं, ही युक्ती मला नंतर एका फिजिओने सांगितली आणि पहिल्याच दिवशी फरक दिसला.

आणि तुम्ही पण खाली झोपा. समोर, पालथं, तोंडासमोर तोंड, वीतभर-दीड वीत अंतरावर, कारण सुरुवातीला बाळाला तेवढंच नीट दिसतं. उभं राहून वरून टाळ्या वाजवून काही होत नाही. महागडी खेळणी नकोत, आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललं ते स्टीलचं ताट, भिंतीला टेकवून उभं केलेलं, त्यात तिला तिचंच तोंड हलताना दिसायचं. खुळखुळा आधी एका बाजूला वाजवायचा मग दुसऱ्या, म्हणजे मान दोन्हीकडे वळते.

रडेल. जवळजवळ सगळीच रडतात सुरुवातीला, आणि बाहेरच्या खोलीतून आजीचा आवाज येतो, अगं उचल तिला! रडू आलं की लगेच उचलू नका, आधी बोला, गाणं म्हणा, पाठीवर हात फिरवा, दहा सेकंद, वीस सेकंद, मग कुशीवर वळवा, आणि मग उचला. आणि उचलताना पण कुशीवर वळवून बाजूने उचलायचं, एका हाताचा आधार मानेला, म्हणजे उचलण्यात पण मानेला थोडा व्यायाम होतो. खूपच चिडलं असेल तर सोडून द्या, तासाभराने परत. शिक्षा नाहीये ती. एक गोष्ट मात्र कायमची, पालथं असताना एक मिनिट पण एकटं सोडायचं नाही, कुकरची शिट्टी बंद करायला पण नाही. आणि झोपवायचं नेहमी उताणं.

मान एकाच बाजूला वळवून झोपायची सवय बऱ्याच बाळांना असते, कारण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला आई. मग तीच बाजू चपटी होते. सोपा उपाय, एक दिवस डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. मांडीवर घेताना पण हात बदलत जा.

इथे राईच्या उशीचं बोलायलाच पाहिजे. डोकं गोल व्हावं म्हणून प्रत्येक बारशात एक तरी येतेच, आमच्याकडे तीन आल्या. बाळाला पहिलं वर्षभर उशीची गरज नसते, कुठल्याच. उशीमुळे मान पुढे वाकते, डोकं खोबणीत बसतं आणि बाळ ते वळवतच नाही, आणि कापड उसवून मोहरी बाहेर आली तर नाकातोंडात जायचा धोका वेगळा. डोकं गोल व्हायचं असेल तर ते डोक्याखाली काही नसताना आणि पालथं असतानाच होतं. पण द्यायला आलेल्या आत्याबाईंना हे तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, मी थँक्यू म्हणून कपाटात ठेवल्या.

झोळीचं पण तसंच. झोळीत बाळ छान झोपतं हे खरंय पण त्यात ते गोळा होऊन पडतं, हनुवटी छातीला लागते, लहान बाळाला त्याने श्वासाला त्रास होऊ शकतो, आणि हातपाय हलवायला जागा पण नाही. बाउन्सर, कार सीट, रॉकर सगळ्याला हेच लागू. कार सीट गाडीत पाहिजेच, पण घरी आल्यावर बाळाला त्यातच ठेवून जेवायला बसू नका.

मालिश चांगलीच आहे, मला तरी तिचा काही विरोध नाही, पण मालिशीने मान लवकर येते असं काही नाही, आणि काही प्रकार सरळ बंद करायचे: पाय धरून उलटं लटकवणं, डोकं दोन्ही हातात धरून मान ओढणं, नाकाकानात तेल सोडणं, छाती पिळणं. मावशी रुसतात. माझ्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत! तरी चालेल. मान पक्की नसताना बाळाला वर उडवून झेलणं किंवा रडतंय म्हणून जोरात हलवणं तर कुणीच, कधीच नाही, त्याने डोक्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधणं पण नको, खुब्याला त्रास होतो, गुंडाळायचं तर पाय बेडकासारखे मोकळे राहतील असं. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील तर रोज द्या, साधारण रोजचे ४०० युनिट सांगतात, आपल्याकडे ऊन एवढं असताना कशाला असं म्हणून ते सोडू नका.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं. हा भाग जरा नीट वाचा, कारण उशीर होतो तो इथेच.

मान सारखी एकाच बाजूला कललेली आणि हनुवटी उलट बाजूला, कधी कधी मानेच्या बाजूला छोटी गाठ हाताला लागते, तर तो मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, त्याला फिजिओथेरपीचे व्यायाम आहेत आणि जितक्या लवकर सुरू कराल तितकं लवकर बरं होतं. "झोपताना अवघडली असेल" म्हणून महिना घालवू नका.

आणि हे एक ऐकून मला धक्काच बसला होता. खूप लवकर मान धरणं पण नेहमी चांगलं नसतं. महिन्याभराचं बाळ उचललं की डोकं एकदम ताठ मागे फेकतंय, पाठीची कमान करतंय, अंग कडक, पाय कात्रीसारखे एकमेकांवर, किंवा मुठी तीन-चार महिन्यानंतरही घट्ट मिटलेल्या, घरचे म्हणतात बघा कसं ताकदवान आहे, पण ते ताकदीचं नसून स्नायूंच्या कडकपणाचं लक्षण असू शकतं. जन्मताना बाळ उशिरा रडलं असेल, काचेत ठेवलं असेल, कावीळ खूप वाढली असेल तर जास्तच लक्ष ठेवा.

याच्या उलट, अंग एकदम सैल, चिंधीच्या बाहुलीसारखं, हातापायांची हालचाल कमी, रडणं बारीक, श्वास घेताना पोट फुगतं पण छाती आत जाते, आणि चेहरा मात्र एकदम हुशार, डोळे चकचकीत, असं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. स्नायूंच्या काही आजारांमध्ये लवकर कळलं तर उपचार उपयोगी पडतात, उशिरा कळलं तर तेवढे पडत नाहीत.

आणि आलेली गोष्ट जाणं. बाळ आधी छान मान धरायचं, हसायचं, आणि सहा-आठ महिन्यानंतर हळूहळू सुस्त झालं, मान परत पडायला लागली, केस विरळ आणि भुरकट, बोटांच्या पेरांवर काळपटपणा, कधी हात थरथरतात. आपल्याकडे हे पुष्कळदा बी-१२ च्या कमतरतेने होतं, आई शाकाहारी, दूधदुभतं पण फार नाही, बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, वरचं खाणं सुरूच झालेलं नाही. बाळ वजनाला बरं दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही. वेळेत कळलं तर उपचार साधे आहेत. म्हणून बाळंतिणीने स्वतःचं बी-१२ तपासून घ्या, अळीव-डिंकाच्या लाडवातून ते मिळत नाही.

तीन महिने झाले तरी बाळ तोंडाकडे बघत नाही, हसत नाही, आवाजाला दचकत नाही, तर मानेपेक्षा ते आधी सांगा.

प्रायव्हेटला जायचं नसेल किंवा परवडत नसेल तर आशाताईंना विचारा. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी यायला पाहिजेत, आणि पुढे ३ महिन्यापासून दर तीन महिन्यांनी १५ महिन्यापर्यंत. तुमच्याकडे जे माता-बाल संरक्षण कार्ड आहे, ज्यात आपण फक्त लसीचं पान उघडतो, त्यातच बाळाच्या वाढीचे टप्पे चित्रांसकट दिलेत, बघा एकदा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, आणि जिल्हा रुग्णालयात त्यासाठीचं केंद्र असतं, डीईआयसी नावाचं. तिथे फिजिओ असतात, बाळाच्या विकासाची चाचणी करतात. अशीच एक भारतीय मुलांसाठीची चाचणी आपल्या प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेल्या कामावरून तयार झालीये, डासी म्हणतात तिला, कधी डॉक्टरांच्या कागदावर ते नाव दिसलं तर घाबरू नका.

मान धरल्यावर पुढचं सगळं घाईने करायला जातात लोक. बसणं, रांगणं, चालणं, सगळ्याला मोठी रेंज आहे. डब्ल्यूएचओने पाच देशांमधली निरोगी मुलं बघितली, आपल्याकडून दिल्लीची होती, तर आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने आणि एकटं चालणं ८.२ ते १७.६ महिने इतका फरक निघाला, आणि ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, डायरेक्ट उभी राहिली. चाकांचा वॉकर घेऊ नका, कॅनडात २००४ पासून त्यावर बंदीच आहे, जिन्यावरून पडतात मुलं. लाकडी पांगुळगाडा चालेल, पण बाळ स्वतः धरून उभं राहायला लागल्यावर. उष्टावणाच्या वेळी मात्र मान पक्की आहे ना आणि आधाराने ताठ बसतंय ना हे बघूनच घास द्या.

माझ्या मुलीचं म्हणाल तर लसीच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही सतरंजी टाकली ती उचललीच नाही. आजी पहिले चार दिवस रागावून स्वयंपाकघरात बसायची. मग एकदा मी बघितलं तर आजीच खाली बसून मेथी निवडत होती आणि ही समोर पालथी, कोपरावर, मान एकदम वर, मेथीच्या जुडीकडे टक लावून. चार महिन्याला अजून पाच दिवस होते. आजी म्हणाली, हिने तर कधीच धरलीये, तुझंच लक्ष नाही.